पारास्केवाची खुंटी

पारास्केवा अँकरेजमध्ये वारली ती वसंतात, हेरिंग मासे अंडी घालायला खाडीत येतात त्या दिवसांत. तिच्या चाळिसाव्याचं जेवण बेटावरच्या तिच्या गावी, आंग्याकमध्येच करायचं ठरलं. गावच्या कौन्सिलचा प्रमुख नेस्तर त्यासाठी तिच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या, इनोकेंतीच्या दारात आला आणि पायरीवर बुटांचा चिखल झाडत म्हणाला, "अपा, जेवणाआधी एमा पारास्केवाबद्दल चार शब्द तुम्ही बोला. तुमच्याइतकं तिला दुसरं कोण ओळखत होतं?"

"मला कुठं बोलता येतं?"

"मग लिहून द्या. मी वाचेन."

नेस्तर गेला आणि इनोकेंती खिडकीशी बसला. गावात म्हाताऱ्या माणसाला अपा म्हणतात, म्हातारीला एमा. समोर तिचं घर. दोन घरांच्या मधे कपडे वाळत घालायची एक दोरी आणि एक मोडकी होडी, बाकी काही नाही. जन्मभराचा शेजार. पण कागद पुढं ओढल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला या बाईबद्दल काहीच माहीत नाही. तिचं धुराडं सकाळी कधी पेटतं हे त्याला ठाऊक होतं. वादळ येणार असलं की ती सरपणावर ताडपत्री टाकते, कावळ्यांशी मोठ्यानं बोलते, हे ठाऊक होतं. पण तिनं लग्न का केलं नाही? कुणाची वाट बघितली होती का? एकटी असताना ती चहा गोड पीत होती की बिनसाखरेचा? इतकी वर्षं ते कुंपणावरून बोलत आले होते, पण सगळं बोलणं लाकडांचं, माशांचं, वाऱ्याचं. याच्यापलीकडं त्यानं कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

खुंटीची गोष्ट मात्र त्याला माहीत होती. ती गावात सगळ्यांनाच माहीत होती.

चर्चच्या दाराशी डाव्या हाताला एक लाकडी फळी टांगलेली आहे. तिच्यावर महिन्याची एक अशा बारा ओळी आणि दर दिवसाला एक भोक. सणाच्या दिवशी भोकाभोवती लाल क्रूस काढलेला. व्हेलच्या हाडाची एक छोटी खुंटी रोज सकाळी एक घर पुढं सरकवायची. चार वर्षांनी एकदा, फेब्रुवारी संपताना, खुंटी एक दिवस झोपते, म्हणजे जागची हलवायची नाही, कारण त्या दिवसाचं भोकच नाही. छापील कॅलेंडर आलं नव्हतं, रेडिओ आला नव्हता, बात्युश्का, म्हणजे धर्मगुरू, वर्षातून एकदा बोटीनं यायचे, तेव्हा उपास कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे आख्खं गाव या फळीला विचारायचं.

फळी आधी पारास्केवाच्या वडिलांच्या ताब्यात होती. एलिसेय त्यांचं नाव. चर्चचा कारभार त्यांच्याकडं. हिवाळ्यात बायकापुरुष बान्यातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, लालबुंद होऊन बाहेर पडले, चहा घेऊन बसले, की एलिसेय ठरलेल्या गोष्टी सांगायचे.

"झारनं आपला मुलूख अमेरिकेला विकला तेव्हाची गोष्ट. लोक शुक्रवारी झोपले आणि उठले तर काय, परत शुक्रवार! नव्या सरकारला आपला वारही पटेना, तारीखही पटेना. तारीख पुढं ढकलली, वार तोच ठेवला. आता शुक्रवार म्हणजे उपास. माझी आजी सांगायची, पोटात कावळे ओरडत होते, म्हणून तिच्या बापानं बात्युश्कांना विचारलं, उपास एक की दोन? बात्युश्का म्हणाले, एक देवाचा, एक सरकारचा. बाप म्हणाला, मग सरकारच्या उपासाला मी सीलचं मांस खातो."

सगळे दरवेळी हसायचे, जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसरी गोष्ट खाडीपलीकडच्या एका गावाची. ते गाव आता नाही. त्या लोकांनी आपली फळी हरवली आणि सरकारी कॅलेंडरवरून सण मोजायला सुरुवात केली. जुन्या आणि नव्या तारखेत बारा दिवसांचं अंतर, एवढंच त्यांना ठाऊक. पण शतक पालटलं त्या वर्षी ते अंतर बाराचं तेरा झालं. का झालं ते एलिसेयनाही नीट सांगता येत नसे. "तिकडं रोममध्ये एका पोपनं ठरवून ठेवलेलं," एवढंच ते म्हणत. तर त्या गावानं बाराच मोजले, आणि बाकी सगळे उपाशी असताना, आदल्या दिवशीच नाताळचा तारा घरोघर मिरवून, मासे-मटण खाऊन नाताळ साजरा केला. ती माणसं मेली, त्यांची नातवंडं म्हातारी झाली, तरी त्या घराण्यांना सगळ्या बेटावर 'घाईवाले' म्हणतात.

"म्हणून," एलिसेय कप पालथा घालत म्हणायचे, "सरकारच्या कागदावरून आपला सण मोजायचा नाही. रोज एक घर. बस्स."

पारास्केवानं हे शब्दशः धरलं. तिच्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यात पंचवीस डिसेंबर लाल होता. सात जानेवारी, म्हणजे आपला नाताळ, तिथं साधा काळा आकडा होता. त्या दिवशी जो पोरगा शाळेत आला नाही त्याच्या हातावर दुसऱ्या दिवशी पट्टी बसायची. पारास्केवा दरवर्षी गैरहजर राहिली आणि दरवर्षी आपणहून हात पुढं करून उभी राहिली. इनोकेंती तिच्याहून लहान. तो पुढच्या बाकावरून बघायचा. तो स्वतः मात्र सात तारखेला शाळेत जायचा, कारण त्याला पट्टीची भीती वाटायची.

मग भूकंप झाला आणि लाट आली. बाहेरचे लोक त्याला गुड फ्रायडेचा भूकंप म्हणतात. पारास्केवासमोर कुणी असं म्हटलं की ती तडकायची, "त्यांचा असेल. आपला गुड फ्रायडे अजून महिनाभर लांब होता." त्या संध्याकाळी समुद्र मागं सरला आणि सगळं गाव टेकडीवर पळालं. एलिसेयनी चर्चमधली देवाच्या आईची तसबीर उचलली आणि पारास्केवानं फळी. रात्रभर खालून घरं मोडल्याचे आवाज येत होते. उजाडलं तेव्हा चर्च उभं होतं आणि त्याच्याभोवती दोन-चार घरं तेवढी उरली होती. माणसं घोंगड्या पांघरून खाली बघत होती. तेव्हा पारास्केवानं मांडीवरची फळी सरळ केली, खुंटी उपसली आणि पुढच्या भोकात बसवली. बस्स, एवढंच केलं. इनोकेंती तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्याला ते आयुष्यभर आठवत राहिलं, पण का, ते त्याला सांगता आलं नसतं. एक होडी त्या दिवशी बाहेर होती, ती परत आली नाही. तिच्यावर पारास्केवाचं कुणी होतं असं काही बायका म्हणायच्या. तिला विचारायचं धाडस कुणी केलं नाही. इनोकेंतीनंही नाही.

वडील गेले आणि चर्चची किल्ली पारास्केवाच्या गळ्यात आली. बात्युश्का नसले की प्रार्थना तीच म्हणायची. रोज सकाळी, पाऊस असो, बर्फ असो, आडवा वारा असो, ती चर्चपर्यंत चालत जायची, खुंटी सरकवायची, घंटेचा एक ठोका द्यायची आणि परत यायची. पुढं घराघरांत टीव्ही आले, हातोहाती फोन आले. फळीकडं बघायला कुणी चर्चमध्ये जाईना. ती मात्र जात राहिली.

शेवटच्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, शाळेच्या सभागृहात गावाची बैठक बसली. विषय होता तारा. नाताळला चमकत्या कागदाचा मोठा चाकासारखा तारा फिरवत, गात, सगळं गाव घरोघर जातं. ज्या खिडकीत दिवा, त्या घरात तारा. तारा धरायचं काम गेली कित्येक वर्षं इनोकेंतीचं. मोडला तर दुरुस्तही तोच करायचा, आणि वर्षभर तो त्याच्याच घरी भिंतीला टेकून असायचा.

नेस्तर उभा राहिला. "हे बघा, शाळेत पोरं उरलीत बोटावर मोजण्याइतकी. अँकरेजची लेकरं येतात ती डिसेंबरच्या सुट्टीत, आणि सुट्टी संपली की जातात. सात तारखेला ताऱ्यामागं गायला कोण असतं? अपा, एमा आणि कावळे."

"कावळे निदान सुरात ओरडतात," पारास्केवा मागून म्हणाली.

लोक हसले. नेस्तरही हसला. "एमा, चर्चची प्रार्थना जुन्याच दिवशी होईल. बिशपच्या शब्दाबाहेर कोण जातंय? पण तारा घरोघर न्यायचा तो गावाचा मामला. तो पंचवीस डिसेंबरला नेऊ. पोरांनी बघितला तर पाहिजे एकदा!"

पारास्केवा उठली. उठताना तिला खुर्चीला धरावं लागलं. त्या वर्षी तिचे पाय सुजत होते. "झार आला, त्यानं या तारखा आणल्या, त्या आपल्या झाल्या. अमेरिका आली, तिनं तिच्या आणल्या. पुढं रशियातही नवं सरकार आलं, त्यानं एका रात्रीत तेरा दिवस गिळले. आम्ही हललो नाही. मास्तरांनी पट्ट्या मारल्या, आम्ही हललो नाही. आणि आता काय, विमानाच्या तिकिटासाठी दिवस सोडायचा?"

एक तरुण आई हळूच म्हणाली, "एमा, माझ्या मुलानं तारा कधी बघितलाच नाही हो." पारास्केवा खाली बसली.

हात वर झाले. बहुतेक सगळेच. विरुद्ध एक हात, पारास्केवाचा. इनोकेंतीचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

"अपा, तारा तुम्ही धरता. तुमचं काय?" नेस्तरनं विचारलं.

"मला काय कळतं? गाव म्हणेल तसं."

बाहेर पडताना पारास्केवा त्याच्या शेजारून गेली, लहानपणच्या नावानं त्याला हाक मारत. "केशा, एवढा जड तारा वर्षानुवर्षं उचलतोस. हात तेवढा उचलवत नाही होय?"

त्यावर तो नुसता हसला.

पुढं बर्फ पडायला लागल्यावर तिला मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात नेलं आणि आठवडाभर ठेवून घेतलं. जाताना तिनं गळ्यातली किल्ली काढून इनोकेंतीच्या हातात दिली. "रोज सकाळी एक घर. समजलं?" त्यानं मान डोलावली. रोज गेला. पण त्याचा स्वभाव असा, की चर्चला कुलूप लावून घरी पोचला की मनात यायचं, सरकवली का आपण आज? की कुलूप उघडून नुसतंच उभे राहिलो? एकदा तर तो परत गेला, खुंटीकडं बघत उभा राहिला, आणि कालची कुठं होती तेच आठवेना. शेवटी हात न लावता परत आला. की लावून आला? पारास्केवा आल्यावर तिला हे सांगायचं त्यानं ठरवलं होतं. ती विमानातून उतरली तीच मुळी काठीच्या आधारानं. चेहरा पिवळट. किल्ली परत घेताना तिनं विचारलं, "नीट सरकवलीस ना?" तो म्हणाला, "हो."

पंचवीस डिसेंबरला तारा निघाला. पोरं लाल गालांनी ताऱ्यामागं धावत होती, अर्धी गात होती, अर्धी फोनवर चित्र घेत होती. इनोकेंतीलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार वर्षांत एवढा आवाज गावात झाला नव्हता. एकेक घर करता करता मिरवणूक त्याच्या गल्लीत आली. पारास्केवाच्या खिडकीत दिवा नव्हता. धुराड्यातून बारीक धूर येत होता, म्हणजे ती घरात होती. तिचा उपास चालू होता. इनोकेंतीचे पाय तिथं थबकले, तारा हातात आपोआप फिरत राहिला.

"अपा, चला," नेस्तर हलकेच म्हणाला. "पुढचं घर वाट बघतंय."

तो पुढं गेला.

सुट्टी संपली, विमानं आली, पोरं गेली. गाव परत पहिल्यासारखं झालं. मग सहा जानेवारी उजाडला. जुन्या मोजणीनं चोवीस डिसेंबर, नाताळचा आदला दिवस. वर्षातला सगळ्यात कडक उपास. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत काही खायचं नाही, आणि ती दिसल्यावरही साधंच, बिनतेलाचं, बिनमाशाचं. इनोकेंती एरवी उपासात ढिला, पण हा एक दिवस पाळायचा, कारण आई पाळायची.

दुपार कलली तसा काळोख झाला. वारा दक्षिणेचा होता, आणि त्या वाऱ्यावर त्याला वास आला. पिरोकचा. साल्मन, अंडी, लोणी, भात घातलेली सणाची मोठी पोळी. तो खिडकीशी गेला. पारास्केवाच्या खिडकीत दिवा होता.

तो चरकला. उद्या! सण उद्या आहे. आज दिवा कसा?

आणि मग त्याला आठवलं. खुंटी. त्या आठवड्यात त्यानं कुठल्यातरी सकाळी ती दोनदा सरकवली होती. नक्कीच. तेव्हापासून फळी एक दिवस पुढं धावत होती, आणि पारास्केवा तिच्यामागं. ती बिचारी सरकारी कॅलेंडर बघणार नाही, बापाचा नियम. जन्मभर जिनं एक दिवस इकडचा तिकडं होऊ दिला नाही, ती आज घाईवाली झाली होती, आणि ते इनोकेंतीच्या बोटांमुळं.

तिथं जाऊन, लहानपणच्या नावानं हाक मारून, सांगावं? "पाशा, दिवा मालव, पिरोक झाक, सण उद्या आहे." आणि उद्या गावभर होईल. नेस्तर वाईट माणूस नाही, पण हसेल. सभागृहात तिनं सगळ्यांना सुनावलं होतं, ते सगळेच हसतील. चर्चमध्ये जाऊन फळी बघावी म्हटलं तर किल्ली तिच्या गळ्यात. न जावं, तर दिवा लावून ती बसून राहणार. गावात त्या दिव्याकडं बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

तो बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. मग त्यानं स्वच्छ शर्ट घातला, केस पाण्यानं चापले आणि भिंतीशी टेकलेला तारा उचलला.

एकट्यानं तारा नेणं फार अवघड. वाऱ्यानं तो शिडासारखा ओढत होता. तिच्या दारात उभा राहून त्यानं चाक फिरवलं आणि गायला लागला. आधी चर्चच्या जुन्या भाषेत, मग आपल्या अलुतीक भाषेत. हे गाणं दहा-पंधरा गड्यांनी दणक्यात म्हणायचं. त्याचा एकट्याचा आवाज वाऱ्यात दोरीवरच्या फडक्यासारखा फडफडत होता. दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. पारास्केवा घरातली देवाची तसबीर छातीशी धरून उभी होती, डोक्याला ठेवणीतला रुमाल. तीही गायला लागली. तिचा आवाज अजून खणखणीत होता. शेवटी घरच्या माणसाला उदंड आयुष्य मागतात, तेही त्यानं तीनदा मागितलं.

"ये आत," ती म्हणाली. "दार लाव, ऊब जाते. एकटाच?"

"बाकीच्यांचं... झालं ना."

"ठाऊक आहे. ऐकू आलं. पोरं कावळ्यांपेक्षा वाईट गात होती."

"तुला आत ऐकू आलं?"

"भिंती पातळ आहेत, केशा. तू रेडिओशी भांडतोस तेसुद्धा ऐकू येतं. परवा कुणाला गाढव म्हणालास?"

"हवामानवाल्याला."

"मग ठीक आहे."

टेबलावर पांढरं कापड, मधोमध पिरोक. धुरावलेला मासा, जांभळ्या बेरींचा मुरंबा, चहाची किटली. दोन ताटं मांडलेली. इनोकेंतीनं ते बघितलं, दोन ताटं. तिनं सुरीनं भला मोठा तुकडा कापून त्याच्यापुढं ठेवला. लोणी काठावरून ओघळलं. आई असती तर हातावर उलथनं बसलं असतं.

"काय झालं? मासा वास मारतोय?"

"छे, छे."

"मग बघत काय बसलास? गावातल्या लग्नांत तुटून पडायचास तसा खा."

"सणाचं खाताना घाई करू नये," तो म्हणाला, आणि 'घाई' तोंडातून गेल्या गेल्या त्यानं जीभ चावली. पारास्केवानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग ती चहा ओतायला लागली. चहात तिनं साखर घातली नाही. त्यानं ते लक्षात ठेवलं.

त्यानं पहिला घास घेतला. उपास मोडला. पिरोक अप्रतिम झाली होती. त्यानं दुसरा तुकडाही घेतला.

"केशा," ती म्हणाली, "आज तारीख काय रे?"

तो घास चावत राहिला, गरजेपेक्षा जास्तच वेळ. "खुंटी सांगेल ती."

पारास्केवा हसली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढं हसताना त्यानं तिला कधी बघितलं नव्हतं. का हसली ते त्याला कळलं नाही, आणि विचारायला तो धजला नाही.

हसणं ओसरल्यावर तिनं रुमालानं डोळे पुसले आणि गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही तुझ्याकडं ठेव. मला उद्या सकाळचं विमान आहे."

"हॉस्पिटल?"

"अँकरेज. भाची आहे ना तिथं, अगाफिया, तिच्याकडं. रक्त धुवायचं म्हणतात, एक दिवसाआड. इथं ते यंत्र नाही."

"परत कधी येशील?"

"यंत्र सोडेल तेव्हा."

"पण उद्या..." तो म्हणाला आणि थांबला. उद्या सण आहे, खरा, असं तोंडावर आलं होतं. "उद्या वारा असेल. विमान येईल का?"

"हवामानवाल्या गाढवाला विचार," ती म्हणाली.

मग दोघं उशिरापर्यंत नव्हे, पण किटली संपेपर्यंत बसले. ती लाकडांबद्दल बोलली. तिच्या छपराखालचं सरपण त्यानं वापरावं. तो हो म्हणाला. तारा घेऊन घरी आला, तेव्हा दार लावताना त्यानं मागं बघितलं. खिडकीतला दिवा तसाच होता.

सकाळी वारा पडला होता. इनोकेंती चर्चकडं निघाला तो एकच विचार करत. खुंटी लाल क्रूसात असेल, एक दिवस पुढं. ती आज हलवायचीच नाही. तिला एक दिवस झोपू द्यायची, म्हणजे फळी परत ताळ्यावर येईल आणि कुणाला कधी कळणार नाही. कुलूप थंडीनं आखडलं होतं. आत त्यानं मेणबत्ती पेटवली आणि फळीसमोर धरली.

खुंटी क्रूसात नव्हती. क्रूसाच्या अलीकडच्या साध्या भोकात होती. चोवीसच्या.

त्यानं बोटानं भोकं परत मोजली. फळी चुकली नव्हती. त्यानं खुंटी दोनदा सरकवली नव्हती, आणि पारास्केवानंही नाही. काल उपासाचा दिवस आहे हे तिला पीठ मळताना ठाऊक होतं, अंडी उकडताना ठाऊक होतं, दिवा लावताना ठाऊक होतं. सकाळी येऊन तिनं खुंटी चोवीसमध्ये बसवली, घंटा दिली, घरी गेली आणि सणाचा स्वयंपाक केला. विमान सात तारखेच्या सकाळचं होतं. खुंटी तिनं पुढं ढकलली नाही. फक्त दिवा एक दिवस आधी लावला, तारा यावा म्हणून.

गावाला तिनं ज्या गोष्टीवरून सुनावलं होतं, तीच तिनं केली होती, आणि इनोकेंतीला त्यावर हसूही आलं नाही, रागही आला नाही. तिला तारा इतका हवा होता, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. पंचवीस तारखेला तिच्या दारासमोरून तो तारा घेऊन पुढं गेला तेव्हाही माहीत नव्हतं.

त्यानं खुंटी उपसली, लाल क्रूसात बसवली आणि घंटा दिली. एक ठोका. मग सणाचा दिवस म्हणून आणखी काही.

नेस्तरला पुढं त्यानं जे लिहून दिलं त्यात यातलं काही नव्हतं. उपासाच्या दिवशी खाल्लेली पिरोक चाळिसाव्याच्या जेवणात वाचून दाखवायची नसते. त्यानं लिहिलं की ती चर्च सांभाळायची, लाटेच्या वेळी फळी तिनं वाचवली, आणि तिचा आवाज चांगला होता. नेस्तर म्हणाला, "एवढंच, अपा?" तो म्हणाला, "एवढंच ठाऊक आहे."

त्या सकाळी विमान वेळेवर आलं होतं. खडीच्या धावपट्टीशी पारास्केवा नेस्तरच्या चारचाकी गाडीवर बसून होती, मांडीवर बोचकं, काठी गुडघ्यांत धरलेली. वैमानिक टपालाच्या पिशव्या उतरवत होता. इनोकेंती चर्चपासून घाईघाईनं चालत आला होता. त्याला धाप लागली होती. विचारायचं पुष्कळ होतं. ती त्याच्याकडं बघत होती.

"घंटा ऐकली," ती म्हणाली. "सरकवलीस?"

"सरकवली."

"एकदाच?"

"एकदाच."

"बरं. दार ओढून घे माझं. वाऱ्यानं उघडतं."

"घेतो," इनोकेंती म्हणाला.